दिवसा खो-खो, रात्री बैठक: बडोद्यात शनिवार-रविवारचा मेळा एकाच मैदानावर कसा भरवावा

बडोद्याला खेळ आणि गाणं दोन्ही जुनी. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ ची, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली इथेच भरली, आणि हिंद विजय जिमखान्याने खो-खोचे नियम १९२४ मध्ये प्रसिद्ध केले तेही याच गावात. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या सभेत 'दिवसा सामने, रात्री गाणं' अशी कल्पना निघाली की कुणी नको म्हणत नाही. घोटाळा होतो तो शनिवारी संध्याकाळी पाच ते सात या दोन तासांत. सामना लांबलेला, मंडपवाला खिळे ठोकायला उभा, साउंडवाला फेज शोधतोय आणि गायक येऊन बसलेले. हे दोन तास सांभाळायचे तर त्यांची तयारी महिनाभर आधीपासून लागते, म्हणून पुढचं सगळं त्यांच्याच हिशेबाने मांडलं आहे.

आकार असा धरू: पुरुषांचे आठ संघ, महिलांचे चार, रात्री तीनशे श्रोते, मैदान एकच.

तारीख

बडोद्यात तारीख ठरवताना पंचांग आणि पतंग दोन्ही बघावे लागतात. साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी कमुरता, म्हणजे आपला धनुर्मास. या काळात लग्नं नसतात, त्यामुळे मंडपवाला, साउंडवाला, खुर्च्या, आचारी सगळे मोकळे असतात आणि भावही उतरलेला असतो. हीच माणसं नवरात्रात किंवा लग्नसराईत तुमच्याशी फोनवरही नीट बोलणार नाहीत.

पण कमुरत्याचा उत्तरार्ध टाळा. जानेवारी उजाडला की गावभर पतंग चढतात आणि तुटलेला मांजा मैदानात येऊन पडतो. खो-खोत खेळाडू जमिनीवर सूर मारतात, हात आधी टेकतो. काचेचा मांजा तळहात कापून काढतो. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे १४ आणि १५ जानेवारी, तर विसराच. त्या दोन दिवसांत बडोदेकर गच्चीवरून खाली उतरत नाही. डिसेंबरचे शेवटचे दोन शनिवार-रविवार सगळ्यात सोयीचे. तेव्हा सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. हातात उजेडाचे साडेदहा-पावणेअकरा तास आहेत, त्यातला सकाळचा पाऊण तास दवाने ओल्या मैदानात जातो.

परवानग्यांना दीड महिना आधी हात घाला. मैदान महापालिकेचं असेल तर कॉर्पोरेशनचं, शाळेचं असेल तर संस्थेचं पत्र आधी. लाउडस्पीकरची पोलीस परवानगी त्या पत्राशिवाय पुढे सरकत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासमारंभासाठी वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण तुमचा दिवस त्यात असेलच असं धरून चालू नका. गाण्याची बैठक पावणेदहाला संपेल अशीच आखा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं, तेव्हा मैदान ठरवतानाच आजूबाजूला एक चक्कर मारून या.

मैदान आखणं

हे काम गुरुवारी करायचं. शुक्रवारी नाही, कारण खांब रोवल्यावर माती बसायला वेळ लागतो.

मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, भोवती दीड मीटरची मोकळी पट्टी. म्हणजे एकूण ३० बाय १९ मीटर सपाट जागा हवी. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. धावपळ मुख्यतः लांबीच्या दिशेने होते, त्यामुळे उतरत्या उन्हात पळणाऱ्याच्या डोळ्यांवर सरळ किरण येत नाहीत. प्रेक्षक पश्चिमेला बसवा, दुपारनंतर ऊन त्यांच्या पाठीवर पडेल.

कोपरे डोळ्यांनी काटकोनात येत नाहीत, कितीही अनुभवी माणूस असो. एका कोपऱ्यातून एका बाजूला ८ मीटरवर आणि दुसऱ्या बाजूला ६ मीटरवर खुंटी ठोका. दोन खुंट्यांमधलं अंतर बरोबर १० मीटर यायला हवं. चारही कोपरे झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येक ३१.३८ मीटर आला पाहिजे. दोन कर्णांत पाच सेंटिमीटरचा जरी फरक असला तरी मैदान तिरकं आहे आणि आडव्या पाट्या आखताना तो फरक डोळ्यांवर येईल.

आता मधली पाटी. मैदानाच्या आतच दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर मुक्त क्षेत्र सोडलं की खांबरेषा ते खांबरेषा २४ मीटर उरतात. मधली पाटी ३० सेंमी रुंद. तिला छेदणाऱ्या आडव्या पाट्या आठ, प्रत्येक ३५ सेंमी रुंद, दोन पाट्यांमध्ये २.३० मीटर, आणि खांबरेषेपासून पहिली पाटी २.५५ मीटरवर.

इथे हमखास चूक होते ती अशी: माणसं एक पाटी आखतात, तिथून टेप उचलून पुढची मोजतात. दर वेळी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकतं आणि आठव्या पाटीपर्यंत चूक वीतभर होते. टेप एकदाच शून्यावर खांबरेषेला पकडून २४ मीटर ताणा आणि पाट्यांच्या सुरुवातीच्या खुणा एका दमात करा: २.५५, ५.२०, ७.८५, १०.५०, १३.१५, १५.८०, १८.४५, २१.१०. प्रत्येक खुणेपुढे ३५ सेंमीवर पाटी संपते. शेवटची पाटी २१.४५ ला संपली आणि पुढे बरोबर २.५५ उरले, तर आखणी जमली. कापडी टेप ताणला की लांबतो, म्हणून स्टीलचा किंवा फायबरचा ३० मीटरचा घ्या. जुन्या पुस्तकात २९ मीटरचं मैदान आणि ३० सेंमीच्या आडव्या पाट्या सापडतील. तो पूर्वीचा नियम. तुमचे पंच कोणत्या नियमाने खेळवणार हे त्यांना आधी विचारून घ्या, म्हणजे गुरुवारी केलेलं काम शुक्रवारी पुसावं लागणार नाही.

खांब लाकडाचे, गुळगुळीत, ९ ते १० सेंमी व्यासाचे, जमिनीवर १२० ते १२५ सेंमी. जमिनीत किमान ४५ सेंमी जायला हवेत, म्हणजे एकूण लांबी १६५-१७० सेंमी लागते. खड्डा खांबापेक्षा फार रुंद खणू नका. विटांचे तुकडे आणि माती थराथराने घालून कुटा, प्रत्येक थराला थोडं पाणी. नुसती माती ढकलून पायाने दाबली तर चौथ्या सामन्यापर्यंत खांब डुलायला लागतो, कारण पळणारा वळताना अंगाचा सगळा भार त्यावर टाकतो. लोखंडी पाइप स्वस्त पडतो म्हणून कुणी सुचवेल; दात आणि बरगड्या त्याहून महाग आहेत.

रेषांसाठी फक्की, म्हणजे आखणीची पांढरी पूड, वापरा. कळीचा चुना नको. तो ओल्या कातडीला भाजतो आणि डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. काळी माती असेल तर पाणी शुक्रवारी दुपारीच मारा, रोलर फिरवा आणि मग थांबा. रात्री उशिरा पाणी मारलं तर दव आणि पाणी मिळून सकाळी चप्पल चिकटेल असा चिखल होतो.

सामने बसवणं

पूर्ण सामन्यात चार पाळ्या, प्रत्येकी ९ मिनिटं. मधल्या विश्रांती, संघ आत-बाहेर, एखादा वाद हे धरून एका सामन्याला ६५ मिनिटं मोजा. चौदा वर्षांखालच्यांसाठी पाळी ७ मिनिटांची. कागदावर ४५ मिनिटांचा सामना बसवणारा संयोजक दुपारपर्यंत दोन तास मागे पडलेला असतो.

बाद फेरीत आठ संघांचे सात सामने आणि चार संघांचे तीन, मिळून दहा. साखळी घ्यायचा मोह होतो, कारण लांबून आलेल्या संघाला एकाच सामन्यात परत जावं लागू नये असं वाटतं. पण आठ संघांचे दोन गट केले की गटातच बारा सामने होतात, वर उपान्त्य आणि अंतिम. एका मैदानावर, हिवाळ्याच्या उजेडात, संध्याकाळी बैठक असताना हे बसतच नाही. संघ आठापेक्षा कमी आले तर आठातून आलेले वजा करा, तितक्या संघांना पुढे चाल; सहा आले तर दोन.

शनिवारी सहा सामने: ८:००, ९:०५, १०:१०, ११:१५, मग जेवण, पुढे २:१५ आणि ३:२०. शेवटचा ४:२५ ला संपतो, हाताशी ३५ मिनिटं राहतात. ती ठेवायचीच, कारण बरोबरी झाली तर जादा डाव लागतो आणि त्याला वीस-पंचवीस मिनिटं जातात. त्यानंतरही बरोबरी राहिली तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे पहिला गडी कमी वेळात बाद करेल तो संघ जिंकला. महिलांचे दोन्ही उपान्त्य सामने १०:१० आणि ११:१५ ला ठेवा. ते दिवसाच्या शेवटी टाकायची एक वाईट सवय आहे. उशीर झाला की मग तेच रविवारवर ढकलले जातात.

पाच वाजता मैदान बैठकीच्या ताब्यात, हा नियम शुक्रवारी संध्याकाळच्या कर्णधारांच्या सभेत मोठ्याने सांगा. सुरूच न झालेला सामना रविवारी साडेसातला, दव असलं तरी. त्याच सभेत पाळीची मिनिटं, बरोबरीचा नियम, पंचांचा निर्णय अंतिम, सगळं एकदा मराठीत आणि एकदा गुजरातीत सांगा. बडोद्यातल्या संघांत अर्धे खेळाडू गुजराती असतात, आणि 'मला समजलंच नव्हतं' ही तक्रार अंतिम सामन्यातच निघते.

प्रवेशशुल्काऐवजी अनामत घ्या आणि संघ मैदानावर वेळेत उभा राहिला की परत करा. न आलेल्या संघामुळे पडणारं भगदाड यामुळे जवळजवळ बुजतं.

दोन पंच, एक सरपंच, एक वेळाधिकारी, दोन गुणलेखक. एका गुणलेखकाने फक्त पळतीची वेळ लिहायची, प्रत्येक संरक्षकाची मिनिटं आणि सेकंद. सर्वोत्कृष्ट संरक्षकाचं बक्षीस या वहीवरून ठरतं. नंतर आठवून लिहिलेल्या वेळेवर कुणी विश्वास ठेवत नाही. प्रथमोपचाराला सलाइनच्या बाटल्या, १० सेंमीचे सहा क्रेप बँडेज, बर्फाची दहा किलोची पेटी. गुडघा-तळहात सोलटणं नेहमीचं, आधी पाण्याने माती पूर्ण काढा, मग मलम. डोकं आपटून चक्कर आली, उलटी झाली किंवा खेळाडू गोंधळल्यासारखा बोलू लागला तर तो त्या दिवशी परत पाटीवर बसणार नाही आणि १०८ ला फोन जाईल. यात कर्णधाराचं मत विचारात घेऊ नका.

विजेचा हिशेब

२०० वॉटचे आठ एलईडी फ्लड म्हणजे १६००, साउंड २०००, मंचावरचे दिवे ६००, खाण्याच्या बाजूचे आणि वाटेवरचे ४००. एकूण ४६०० वॉट. जनरेटर केव्हीएमध्ये मिळतो; ०.८ ने भागलं की ५.७५ केव्हीए. पण जनरेटर त्याच्या ताकदीच्या सत्तर टक्क्यांवर चालवावा, म्हणून १० केव्हीएचा घ्या. चहावाल्याने दीड-दोन हजार वॉटची किटली गुपचूप लावली तरी मग तो बसत नाही. तरीही चहा गॅसवरच ठेवा.

साउंड आणि फ्लड वेगवेगळ्या फेजवर घ्या. एकाच फेजवर असले की स्पीकरमधून घूं-घूं येते, आणि बैठकीत तंबोऱ्याच्या जोडीला ती ऐकणं ही शिक्षा आहे. अर्थिंग स्वतः तपासून घ्या. ओली जमीन, अनवाणी खेळाडू, रात्रीचं दव, हे बघता बोर्डवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) नसेल तर त्या बोर्डला प्लग लावू देऊ नका. वायर मैदानावरून आडवी टाकायची नाही. बाहेरून फिरवा, लांब पडली तरी.

पाच ते सात

आता तेच दोन तास. मंच मैदानावर घालू नका, उत्तरेच्या टोकाबाहेर, मोकळ्या पट्टीपासून किमान तीन मीटर दूर घाला. हा मंच शुक्रवारीच उभा करा. शनिवारी संध्याकाळी मंडपवाल्याने फक्त झालर आणि गादी टाकायची. स्पीकरची तोंडं वस्तीकडे नको, मोकळ्या बाजूकडे हवीत, आणि मंच कुठे हे त्यावरूनच ठरवा.

श्रोते मैदानावर बसतील तर खुर्च्या नको. तीनशे खुर्च्यांचे बाराशे पाय रात्रभर माती भोसकतात आणि रविवारी सकाळी मैदान चाळणी झालेलं असतं. सतरंज्या घाला, बैठकीला तशीही भारतीय बैठकच शोभते. ज्येष्ठांसाठी साठ-सत्तर खुर्च्या मैदानाबाहेर, पश्चिमेच्या बाजूला, जिथे दिवसा प्रेक्षक होते.

क्रम असा ठेवा. पाचला शेवटची शिट्टी झाली की फक्कीच्या रेषांवरून झाडू नको. त्या राहू द्या, सतरंजीखाली पुसट होतील तेवढ्याच. धूळ बसवायला हाताने हलका शिडकावा, पाइपने पाणी नाही, नाहीतर सातपर्यंत सतरंज्या ओल्या. पाच वीसला सतरंज्या. साडेपाचला साउंड तपासणी सुरू, आणि ती मंचावर, वादक समोर बसवून. पावणेसातला तपासणी बंद, लोक आत. सातला पहिला सूर. खांब मात्र तसेच राहतात, त्यांना पांढरं कापड गुंडाळून वर एक दिवा लावा, अंधारात कुणाचं कपाळ आपटू नये.

सामन्यांच्या निवेदनाचा माइक आणि भोंगा पूर्ण वेगळा ठेवा. दिवसभर धूळ आणि शिट्ट्या खाल्लेला माइक रात्री गायकासमोर धरायचा नसतो.

बैठक

मंच १६ बाय १२ फूट, उंची दोन फूट. फळ्या पोकळ वाजत असतील तर त्यावर जाड गादी आणि गालिचा. माइक सात: गायकाला एक, तंबोऱ्यांना एक, हार्मोनियमला एक, तबल्याला दोन, निवेदकाला एक आणि एक राखीव. बारा चॅनलचा मिक्सर पुरतो. कलाकारांकडे तोंड करून दोन मॉनिटर स्पीकर. तीनशे जणांना मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक मोठा स्पीकर, दोन मीटर उंचीच्या स्टँडवर. स्पीकर जमिनीवर ठेवला तर पहिल्या रांगेच्या कानाचे पडदे फाटतात आणि मागच्या रांगेला काही ऐकू येत नाही.

साउंडवाल्याला एकच गोष्ट तीनदा सांगा: एको बंद. गरब्याची सवय असलेला माणूस आवाज आला की एको चढवतो. तानेचा प्रत्येक स्वर मग पुढच्या स्वरावर सांडतो. माइक शिट्टी मारायला लागला तर आधी मॉनिटर कमी करा. सगळेजण मेन स्पीकर कमी करतात आणि शिट्टी तशीच राहते.

दव हा डिसेंबरच्या रात्रीचा खरा पाहुणा. ओल लागली की तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते आणि सूर उतरतो. मंचावर छत हवंच, नुसती मागची कनात पुरत नाही. तबले झाकून मंचामागे ठेवा, बैठकीच्या अर्धा तास आधी बाहेर काढा म्हणजे त्यांना त्या हवेची सवय होईल. डग्ग्याजवळ शेगडी ठेवून पुडी तापवायच्या भानगडीत पडू नका. तापलेली पुडी चढते आणि दहा मिनिटांत परत उतरते, वादक गाणं सोडून हातोडीच शोधत बसतो. पंखे नको. माइकवर वारा आला की सगळं गाणं फुरफुरतं.

नाट्यगीतं आणि भावगीतं असतील तर मध्यंतर ठेवा, ख्यालाची बैठक असेल तर ठेवू नका. उठलेल्या श्रोत्यांतले निम्मे सेव-उसळीच्या रांगेतच रमतात. सत्कार बैठकीच्या आधी, आणि पंधरा मिनिटांत. पाच मान्यवर आणि प्रत्येकाचं मनोगत म्हटलं की पाऊण तास गेला आणि भैरवी दहा वाजता पोलिसांच्या साक्षीने होते.

खाणं-पिणं

बारा संघ गुणिले पंधरा आणि वीस कार्यकर्ते, म्हणजे सकाळी दोनशे माणसं. एक किलो पोह्यांत पंधराजण होतात, तेव्हा १३-१४ किलो पोहे. सामन्याच्या किमान दीड तास आधी खाणं उरकलं पाहिजे. आठला खेळणाऱ्याला साडेसहाला. रात्री तीनशे जणांची सेव-उसळ: माणशी ५० ग्रॅमप्रमाणे १५ किलो पांढरे वाटाणे, आठ-दहा तास भिजवलेले, आणि सहाशे पाव. वाटाणे दुपारी भिजवून संध्याकाळी शिजत नाहीत, सकाळी सहालाच पाण्यात टाका. पाण्याचे २० लिटरचे ४० जार. खेळाडूंना एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जास्त मिठाने फायदा नाही, उलट्या होतात.

रविवार

सकाळी साडेसहाला चार माणसं मैदानावर हवीत, तीही आदल्या रात्री जागलेली नकोत. सतरंज्या रात्रीच उचललेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर दवाने भिजून दुप्पट जड होतात. मग दोरीला बांधलेला मोठा लोहचुंबक मैदानभर ओढत फिरा. मंडपाचे खिळे, सेफ्टी पिना, तारेचे तुकडे, सगळं त्याला चिकटून येतं. नंतर हाताने फिरून काड्या आणि मांजा. खांब हलवून बघा, कुणीतरी रात्री त्याला टेकून बसलेलं असतं. रेषा पुन्हा फक्कीने, पण नवीन मोजणी नको. कोपऱ्याच्या खुंट्या जमिनीलगत ठोकून ठेवल्या असतील तर वीस मिनिटांचं काम.

उपान्त्य सामने साडेआठ आणि ९:३५ ला. जिंकलेल्यांना दुपारी भरपूर विश्रांती, मग तीनला महिलांचा अंतिम, सव्वाचारला पुरुषांचा. तो ५:२० ला संपतो, बक्षीस समारंभ पावणेसहाच्या आत, कारण सहानंतर फोटोत चेहरे दिसत नाहीत आणि फ्लड रविवारी ठेवायचे म्हणजे आणखी एक दिवसाचं भाडं. चषकांवर नावं आधी कोरून घेऊ नका, स्टिकर चालतो.

लोक पांगले की खांब काढा आणि खड्डे भरा: अर्ध्यापर्यंत माती, पाणी, कुटाई, मग उरलेली माती जमिनीपेक्षा दोन बोटं वर, कारण ती बसणारच. चुंबक शेवटचा एकदा मंचाच्या जागेवर फिरवा. मैदानाची अनामत सहसा तिथेच अडकते.